गारगोट्यांचा छंद
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भाषेने दगडाला फारसा मान दिलेला नाही. ज्याला गणित येत नाही तो दगड, ज्याला दया येत नाही त्याचे काळीज दगडाचे, आणि निवडीला वाव उरला नाही म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ. शाळेत फळ्यापुढे उभे राहून हे विशेषण माझ्याही वाट्याला पुष्कळदा आले आहे. शेंदूर फासलेल्या दगडाला आपण हात जोडतो, बिनशेंदराच्या दगडाला ठेच लागली की शिवी देतो. पण तो दगड हातात घेऊन, पाण्याने धुऊन, उन्हाकडे धरून पाहण्याची तसदी आपल्यापैकी किती जण घेतात?

गेली दोन वर्षे मला दगड गोळा करण्याचा छंद लागला आहे. तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांची चित्रे जमवणारे मित्र मला हसतात. परंतु तिकिटांना पैसे पडतात, आणि नदीतली गारगोटी फुकट मिळते. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे खेड्यातून येणारे, घरात पहिल्यांदाच कॉलेजचे तोंड पाहिलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांना परवडेल असा हा छंद असून, त्याची सुरुवात कशी करावी हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

गारगोटी म्हणजे काय?

पावसाबरोबर आकाशातून पडते तीही गार, आणि नदीच्या वाळूत सापडणारा पांढरट, काचेसारखा टणक दगड तोही गारच. त्याचा लहान गोटा म्हणजे गारगोटी. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आपण सर्वांनी उजेड पाडला आहे. तो उजेड आतून आल्यासारखा दिसतो आणि पाठोपाठ जळका वास येतो. शास्त्रज्ञ त्याला घर्षणदीप्ती म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो, नुसते घासत होतो.

गारगोटी सिलिकेची बनलेली असते. वाळूचे बहुतेक कण आणि देव्हाऱ्यातला स्फटिक ही त्याच सिलिकेची रूपे. सिलिकेचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असले आणि दगडातून उजेड थोडासा आरपार गेला, तर त्याला कॅल्सेडोनी म्हणतात. त्याच दगडात एकावर एक पट्टे असले की तो अकीक होय. देवस्थानाबाहेरच्या खड्यांच्या दुकानांत ‘हकीक’ किंवा ‘सुलेमानी’ म्हणून विकतात तो बहुधा हाच. तांबूस-नारिंगी रंगाचा असेल तर कार्नेलियन. आत शेवाळ साचल्यासारखे हिरवे धागे दिसत असतील तर शेवाळी अकीक. उजेड मुळीच आरपार जात नसेल आणि रंग गडद लाल, पिवळा वा हिरवा असेल तर जास्पर. इंग्रजीत अकीकाला जे ‘अ‍ॅगेट’ नाव आहे ते सिसिली बेटावरील अकाटीस नावाच्या नदीवरून पडले. जगातल्या एका नदीचे नाव दगडाला लागले. आपल्या प्रवरेत, गोदावरीत, भीमेत त्याच जातीचे दगड पडून आहेत.

कातळाची माती झाली, गारगोटी राहिली

हे दगड आपल्याकडे इतके का? त्यासाठी सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते. त्या काळी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, तर पुन्हा पुन्हा आला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते हेच थर. इंग्रजीत त्यांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे.

भाकरी भाजताना जशी वाफ पापुद्र्याखाली अडकून फुगा येतो, तसे लाव्हारसातील वायू वर येता येता रस थिजल्यामुळे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. वरच्या भागात त्या जास्त, मधल्या घट्ट भागात कमी. पुढे लाखो वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर थर धरू लागली. थर साचत साचत पोकळी भरली तर भरीव अकीक तयार झाला. मध्ये जागा उरली तर तेथे स्फटिकांची टोके आतल्या बाजूस वाढली. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसणारा गोळा फुटला की आत खडीसाखर चमकावी तसे हे दृश्य असते.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊन, पाऊस, वारा यांनी कातळ कुजतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते, आणि त्या मातीत आपली ज्वारी, ऊस, कांदा पिकतो. पण पोकळीतली गारगोटी कुजत नाही. भोवतालचा डोंगर निघून जातो आणि ती तेवढी शिल्लक राहते. म्हणून ती शेतात नांगराच्या फाळाला लागते आणि ओढ्या-नद्यांच्या वाळूत गोल होऊन पडते. शेताच्या बांधावर वेचून टाकलेल्या दगडांत एखादी पांढरी, मेणचट चमक दिसली, तर ती कोणीतरी आणून टाकलेली नाही. ती तेथलीच आहे, आणि तिच्याभोवती एके काळी कातळ होता.

विहिरीतले दगड

माझे वडील विहिरी खोदण्याचे काम करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पहार, सुरुंग, यारी आणि घमेली यांच्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली. त्यांना अक्षरओळख नाही, पण जमिनीखाली काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मध्येच कोठे तांबड्या मातीचा थर लागतो आणि पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

पहिल्या वर्षाला असताना भूगोलाच्या सरांनी ग्रंथालयातील भूविज्ञानाचे एक पुस्तक मला काढून दिले. त्यात ‘अमिग्डलॉइडल बेसॉल्ट’ असा जिभेला पीळ पाडणारा शब्द होता. अर्थ असा की, ज्याच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या आहेत आणि त्यामुळे ज्यात बदाम पेरल्यासारखे दिसतात तो बेसॉल्ट. चित्र पाहिले आणि ओळख पटली. हा तर दादांचा मांजऱ्या! दोन थरांमधली तांबडी माती म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा त्याच्यावर येण्यापूर्वी मधल्या काळात तयार झालेला थर, हेही त्याच पुस्तकात होते. त्या दिवशी मला पहिल्यांदाच असे वाटले की कॉलेजातले ज्ञान आणि घरातले ज्ञान ही दोन वेगळी गावे नाहीत. मध्ये रस्ता आहे, फक्त त्यावर पाटी नव्हती.

विहिरीत गारगोटीखेरीज आणखी एका घराण्याचे दगड निघतात. त्यांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड तापवला, तेव्हा त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागले. म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव ठेवले. पीच फळाच्या रंगाचा, गव्हाच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला स्टिल्बाइट, मोत्यासारखी झळक असणारा ह्यूलंडाइट, पांढऱ्या सुयांचा झुबका असावा तसा स्कोलेसाइट ही त्यांतली काही नावे. त्यांच्या जोडीला अपोफिलाइट हा पारदर्शक, चौकोनी स्फटिकांचा दगड सापडतो. तो झिओलाइट नव्हे, पण राहतो त्यांच्याच शेजारी.

जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत हे दगड मांडलेले आहेत आणि त्यांच्याखाली जळगाव, नाशिक, पुणे ही नावे लिहिलेली आहेत. बोरघाटातील रेल्वेची चढण १८६३ साली सुरू झाली. ती खोदताना हजारो मजुरांच्या हातांनी जो कातळ फोडला, त्यातील झिओलाइटचे नमुने विलायतेला गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत निळाभोर कॅव्हन्साइट मिळाला. हे खनिज प्रथम अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सापडले आणि १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण त्याचे सर्वांत देखणे नमुने म्हणून जग आज वाघोलीचेच नाव घेते. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे या शतकाच्या सुरुवातीला एका विहिरीत हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले आणि ते जगभर गेले. विहीर खोदणाऱ्यांची नावे कोणत्याही काचेच्या कपाटात नाहीत. नावे राहोत, पुष्कळ नमुन्यांवर गावाचाही पत्ता नसतो. नुसते ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ एवढेच लिहिलेले असते.

आमच्या भागातही एकदा एक व्यापारी आला होता. दादांच्या टोळीने बाजूला ठेवलेले दोन घमेली दगड चहापाण्याचे पैसे देऊन तो घेऊन गेला. दगड कोणत्या विहिरीचे, किती खोलीवरचे, हे त्याने विचारले नाही. आता ते कोठे आहेत कोणास ठाऊक. पण ते ज्या कपाटात असतील तेथे आमच्या गावाचे नाव नसणार, एवढे मात्र नक्की.

साहित्य आणि वेळ

या छंदाला लागणारे साहित्य थोडे आहे. खांद्याला अडकवायची जाड कापडी पिशवी, जुनी वर्तमानपत्रे, पाण्याची बाटली, जुना दात घासण्याचा ब्रश, वही आणि पेन्सिल. दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर उत्तम. हातोडी असल्यास गवंड्याची चालेल, पण डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज दगडावर घाव घालू नये. गारगोटीची कपची काचेसारखी उडते आणि डोळा एकदा गेला की परत येत नाही. खरे म्हणजे सुरुवातीला हातोडीची गरजच पडत नाही. निसर्गाने फोडून ठेवलेले दगड वर्षभर पुरतील इतके आहेत.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, नदीचे पाणी ओसरते आणि नवीन वाहून आलेले गोटे उघडे पडतात. तो काळ सर्वांत चांगला. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जावे आणि सूर्याकडे तोंड करून चालावे. तिरपे ऊन दगडांतून आरपार येते आणि शेकडो काळ्या गोट्यांत एखादी गारगोटी दिवा लावल्यासारखी दिसते. कोरड्या दगडाचा रंग कळत नाही, म्हणून शंका आली की पाण्यात बुडवून पाहावे. मात्र वरच्या धरणातून पाणी सोडण्याचे दिवस कोणते, हे गावात विचारूनच पात्रात उतरावे.

नदी नसेल तर नवीन विहिरीशेजारचा ढिगारा पाहावा. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तर खाली पडलेले दगड पाहावेत. पेरणीपूर्वी नांगरून ठेवलेल्या रानात पहिला पाऊस झाल्यावर धुतलेल्या गारगोट्या चमकतात. शेत कोणाचेही असो, मालकाला विचारल्यावाचून पाय टाकू नये. आमचा अनुभव असा की विचारले तर नाही म्हणणारा शेतकरी विरळा. उलट तोच चार ठिकाणे दाखवतो. दगडाखाली हात घालण्यापूर्वी काठीने दगड उलटवावा, कारण विंचवालाही दगडाचा छंद असतो. खाणीच्या कड्याखाली उभे राहू नये आणि सुरुंगाची वायर वा नळकांडे दिसले तर हात न लावता मागे फिरावे. हे शेवटचे वाक्य दादांनी मुद्दाम लिहावयास सांगितले आहे.

ओळखावे कसे?

१८१२ साली फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने दगडांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहा अशी श्रेणी तयार केली. सर्वांत मऊ शंखजिरे एकवर आणि हिरा दहावर. आपले नख अडीचच्या आसपास, तांबे तीनच्या, साधी चाकूची धार आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. गारगोटी सातवर. म्हणजे गारगोटी काचेवर ओरखडा काढते, आणि चाकू गारगोटीवर चालत नाही. हॉस्टेलच्या खिडकीवर हा प्रयोग करू नये. फुटक्या बाटलीचा जाड तळ पुरतो.

पांढरा, चकचकीत दगड सापडला आणि चाकूने सहज ओरखडला गेला, तर तो गारगोटी नव्हे. मग त्यावर लिंबू पिळावे. फसफसून बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, चुनखडीचा सोयरा. बुडबुडे आले नाहीत आणि स्फटिकांचा आकार पेंढीचा, पापुद्र्याचा किंवा सुयांचा असेल, तर झिओलाइट असण्याचा संभव फार. गारगोटी फुटली की तिचा तुकडा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार फुटतो. सपाट पापुद्रे पडत नाहीत. शेवटची परीक्षा उजेडाची. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलला टॉर्च असते. ती दगडामागे धरावी. कडा उजळल्या तर कॅल्सेडोनी, पट्टे दिसले तर अकीक, काहीच उजळले नाही तर जास्पर.

बाजारातील भडक निळे, गुलाबी, पोपटी अकीक पाहून भुलू नये. अकीक अत्यंत सूक्ष्म छिद्रांचा असल्यामुळे तो रंग पितो, आणि त्याला रंगवण्याची कला फार जुनी आहे. रंग भेगांमध्ये जास्त साचलेला दिसला की तो मागाहून दिलेला समजावा. मात्र प्रत्येक बदल फसवणूक नसतो. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतला दगड खंबायतला नेतात. तो आधी उन्हात वाळवतात आणि मग मडक्यांत घालून भाजतात. त्यातील लोहाचे रूप बदलून मळकट दगड लाल कार्नेलियन होतो. ही युक्ती हडप्पा संस्कृतीच्या मणीकारांनाही ठाऊक होती.

दगड धुताना साधे पाणी आणि ब्रश पुरे. झिओलाइटवर आम्ल घालू नये, आणि त्याला कडक उन्हात वा विस्तवाजवळ वाळवू नये. तो पाणी धरून असलेला दगड आहे.

गारगोटी घरी घासून चकचकीत करण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा. सिलिकेची कोरडी धूळ श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा रोग होतो. त्यावर उलट फिरवणारे औषध नाही. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, आणि चाक घरातच असल्यामुळे तो त्यांच्या घरच्या माणसांपर्यंत पोहोचला आहे. दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत मण्याची किंमत कोणी तरी श्वासाने मोजलेली असते. आपल्या छंदासाठी नदीने घासून दिलेली गारगोटी पुरेशी आहे.

काय उचलू नये?

गारगोट्या गोळा करणारे आपण पहिले नव्हे. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथील लाडमोड टेकाडात ताम्रपाषाणयुगातील वस्तीचे अवशेष निघाले. त्या लोकांकडे तांबे थोडे होते, म्हणून ते कॅल्सेडोनीची ब्लेडसारखी पातळ, धारदार पाती काढून वापरीत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननातही अशी पाती मोठ्या संख्येने मिळाली. त्याहूनही फार जुनी, अश्मयुगातील हत्यारे प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत सापडली असून, त्या हत्यारांच्या परंपरेला ‘नेवासियन’ असे नावच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणहून या जातीचे दगड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. म्हणजे सातवाहनांच्या काळी गोदाकाठची गारगोटी रोमपर्यंतच्या व्यापारात होती.

म्हणूनच नदीकाठी किंवा पांढरीच्या टेकाडावर एखादी गारगोटी अशी दिसली की तिच्या एका बाजूने शिस्तीत ढलप्या काढल्या आहेत, किंवा तिला आरपार भोक आहे, तर ती उचलू नये. ती खनिज राहिली नाही, ती माणसाची वस्तू झाली. ती जेथे पडली आहे त्या जागेतच तिचा अर्थ आहे. तिचा जागेवर फोटो काढावा, खुणेसाठी जवळचे झाड वा बांध लिहून ठेवावा आणि इतिहासाच्या सरांना सांगावे. लोणारचे विवर, निघोजचे रांजणखळगे अशा ठिकाणी खडाही उचलू नये. तेथे फक्त डोळे न्यावेत. राखीव जंगल आणि अभयारण्य यांनाही हाच नियम लागू.

चिठ्ठी

आता सर्वांत शेवटची, पण माझ्या मते या छंदात सर्वांत मोलाची गोष्ट. ती म्हणजे चिठ्ठी. दगड कितीही देखणा असला तरी तो कोठून आला हे लिहिलेले नसेल तर तो केवळ शोभेचा खडा. चिठ्ठी असेल तर तो पुरावा. अमुक गावाखाली, अमुक खोलीवर, अमुक जातीचा कातळ आहे हे तो सांगतो.

माझी पद्धत साधी आहे. दगडाच्या मागील बाजूस पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालायचा. तोच क्रमांक वहीत. पुढे तारीख, गाव व तालुका, आणि जागा म्हणजे नदी, शेत, विहीर की रस्ता. ठेवण्यासाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फार सोयीचे. किराणा दुकानदार ते आनंदाने देतो.

वहीतला पाचवा रकाना दादांच्या सांगण्यावरून आला. एका रात्री मी त्यांना वही वाचून दाखवीत होतो. ते म्हणाले, “परस लिहीत जा. कितव्या परसाला निघाला ते कळल्याबिगर दगडाचं काय कळतंय?” परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडे विहिरी परसाने मोजतात. तेव्हापासून विहिरीचा दगड आला की खोली दादा सांगतात आणि मी लिहितो. आज वहीत एकशे चौदा नोंदी आहेत. त्यांपैकी एकेचाळीस विहिरींच्या आहेत आणि त्या प्रत्येकीपुढे खोदणाऱ्याचे नावही आहे. हा सहावा रकाना मी माझ्या मनाने घातला. कोणत्याही पुस्तकात तो सांगितलेला नाही.

गेल्या वर्षी भूगोलाच्या सहलीत आम्ही सिन्नरचे ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय पाहिले. माणसाच्या उंचीची कपाटे भरून आपल्याच मातीतले दगड तेथे मांडलेले आहेत. ते वैभव आपल्याला उभे करता येणार नाही, पण एक कपाट भरता येईल. भूगोल विभागात नकाशांशेजारी एक काचेचे कपाट रिकामे आहे. आपल्या महाविद्यालयात कितीतरी गावांहून मुले-मुली येतात. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा प्रत्येकाने एक दगड आणावा, एकच. तो मौल्यवान नसला तरी चालेल. मात्र त्याबरोबर चिठ्ठी असावी आणि चिठ्ठीवर गावाचे नाव, जागा आणि तो ज्याने दाखवला त्या माणसाचे नाव असावे. आई असेल, आजा असेल, विहिरीवरचा मजूर असेल, मेंढरे वळणारा असेल. सरांनी कपाटाची किल्ली देण्याचे कबूल केले आहे. नोंदी करण्याचे काम मी करीन.